पेटीचं दार बंद असेपर्यंत

मुलगा ऐकायला कमी आणि सून बोलायला जास्त, म्हणून त्यांचा संसार बरा चाललाय, असं आमच्या सासूबाई येईल त्याला सांगायच्या. सांगायच्या म्हणजे ओरडून सांगायच्या. मुलगा लहानपणापासून कानानं अधू, त्यामुळे हळू बोलायचं कसं हे त्या विसरूनच गेल्या होत्या. पुढे त्याला कानाचं मशीन मिळालं, तरी त्यांचा आवाज काही खाली आला नाही. हे जेवता जेवता हात वर करायचे आणि म्हणायचे, "आई, ओरडू नकोस, ऐकू येतंय." ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आज कुणी ते पुन्हा म्हणून दाखवलं तर मी काहीही देईन.

आम्ही दोघंही अणुभट्टीत कामाला. हे आत, पंपांवर फिटर. मी दारात, पेटीवर. पेटी म्हणजे एक जाडजूड पोलादी कपाट, माझ्या खांद्याएवढं उंच, भिंतींत शिसं भरलेलं, आत सगळ्या बाजूंनी किरण मोजणाऱ्या पट्ट्या. आतल्या भागातून बाहेर येणारा माणूस स्वतः दुसऱ्या एका यंत्रात उभा राहून तपासून घेतो. त्याच्या हातातलं, खिशातलं किडुकमिडुक मात्र माझ्याकडे येतं. चष्मा, पेन, टॉर्च, मोजपट्टी, ओळखपत्र. मी ते ट्रेमध्ये ठेवते, दार लावते आणि आम्ही दोघंही थांबतो. वस्तूवर किरणोत्सारी धूळ नसली तर हिरवा दिवा लागतो आणि पलीकडचं, बाहेरच्या बाजूचं दार उघडतं. असली तर लाल दिवा, कर्कश भोंगा, आणि पलीकडचं दार मिटलेलंच. मग ती वस्तू लाल कपाटात जाते. पुसायची, पुन्हा पेटीत घालायची. कितीही पुसून लालच राहिली तर पिंपात टाकायची. पिंप भरलं की सील होऊन जातं. कुठे जातं ते मला माहीत नाही, परत येत नाही एवढं माहीत आहे.

लोक गयावया करतात. कुणाचं पेन वडिलांनी दिलेलं असतं, कुणाची टॉर्च नवीकोरी असते. "जरासंच असेल हो," म्हणतात. मी म्हणते, लाल म्हणजे लाल, पेटीला वडील कळत नाहीत. माझ्या नाकावर राग असतो अशी माझी ख्याती आहे. असू दे. गोड बोलणाऱ्या बाईच्या हाती ते दार दिलं असतं, तर आतली धूळ एव्हाना सगळ्यांच्या घरी जाऊन बसली असती.

माणसं मी चेहऱ्यांवरून कमी आणि वस्तूंवरून जास्त ओळखते. आतून येतात तेव्हा सगळ्यांचे कपडे सारखेच. पण चावलेल्या टोपणाचं पेन आलं की समजायचं, क्रेनवाला आला. दांडीला दोरा गुंडाळलेला चष्मा आला की आमचे हे आले. तो दोरा मीच गुंडाळला होता. चष्म्याशेजारी ट्रेमध्ये कानाचं मशीन. हरवलं तर चटकन दिसावं म्हणून त्याच्या पाठीवर मी नेलपॉलिशचा एक ठिपका लावला होता. आत धोक्याचे भोंगे ऐकू यावेत म्हणून मशीन आत न्यायची त्यांना खास परवानगी होती आणि रोज बाहेर येताना ते माझ्या पेटीतून जायचं.

पेटीचं दार बंद असेपर्यंत माझ्या नवऱ्याला काही ऐकू यायचं नाही.

तेवढ्यात मी बोलून घ्यायचे. घरात सासूबाई, इथे चारचौघं, शिवाय आमच्या पिढीत नवऱ्याला अहो-जाहो. पण दार बंद असेपर्यंत मी त्यांना 'अरे' म्हणायचे. मान खाली घालून, कामात असल्यासारखं दाखवून. "अरे, नीट घरी ये रे. तू नसलास की घर खायला उठतं मला." कधी शिव्याही द्यायचे. "नळ दुरुस्त करतो म्हणून किती दिवस झाले, फिटर म्हणवतोस ना स्वतःला?" हिरवा दिवा लागायचा. ते पलीकडे जाऊन मशीन कानात घालायचे आणि विचारायचे, "काय म्हणालीस?" मी म्हणायचे, "काही नाही. पुढे सरका, रांग आहे."

रांगेत त्यांच्या मागे नेहमी मौनी असायचा. त्यांचा जोडीदार, दुसरा फिटर. खरं नाव कुणी घ्यायचंच नाही. दिवसभरात चार शब्द बोलला तर पुष्कळ. एकाला ऐकू येत नाही, दुसरा बोलत नाही, काय जोडी जमलीय, असं सगळा कारखाना म्हणायचा. मौनी माझ्या हातात पेन द्यायचा, घ्यायचा आणि जायचा. तो तिथे आहे हेही माझ्या लक्षात यायचं नाही.

त्या दिवशी दुपारी आतून भोंगा वाजला, कुणी आजारी पडल्याचा. असा भोंगा अधूनमधून वाजतो. जाड कपडे, मास्क, उकाडा, एखाद्याला चक्कर येते. स्ट्रेचर पलीकडच्या मोठ्या दारानं नेतात, माझ्या बाजूला काही दिसत नाही. मी आपली चष्मे आणि पेनं घेत राहिले.

मग तपासणीच्या विभागातली एक नवीन मुलगी प्लास्टिकची पारदर्शक पिशवी घेऊन आली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. "माणसाला तिकडच्या दारानं नेलंय," ती म्हणाली, "सामान तेवढं बघून द्या."

पिशवीत दोरा गुंडाळलेला चष्मा होता.

हातपाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली, असं काहीच झालं नाही. हात आपले चालूच राहिले, त्याचा मला अजूनही राग येतो. चष्मा ठेवला, हिरवा. पेन ठेवलं, हिरवं. टॉर्च, हिरवी. मग नेलपॉलिशचा ठिपका असलेलं मशीन ठेवलं, दार लावलं, आणि सवयीनं मान खाली घातली. समोर हे उभेच नव्हते. लाल दिवा लागला. भोंगा वाजला.

"माणूस कसा आहे?" मी विचारलं.

"गेला ना," ती मुलगी म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी तिच्या हातातून खाली पडली.

हृदयच बंद पडलं होतं. लोक अजूनही आवाज खाली आणून विचारतात, किरणांमुळे का हो? नाही. ते घरी जेवताना बंद पडलं असतं, रस्त्यात बंद पडलं असतं, ते पंपाच्या खोलीत पडलं इतकंच. डॉक्टरांनी त्यांना धुऊन, नखशिखांत तपासून, स्वच्छ करून आमच्या हवाली केलं. मशीन मात्र लाल कपाटात राहिलं.

चार दिवसांनी सुरक्षा विभागाचे साहेब घरी आले. माणूस चांगला. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. काय काय झालं ते त्यांनी नीट सांगितलं. आमच्याकडे नियम असा की, आत कुणी पडलं तर तपासनीस येऊन मोजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. धूळ अंगावरून अंगावर जाते, नाकातोंडात जाते.

"त्यांच्या जोडीदारानं लगेच भोंगा दाबला आणि भिंतीपाशी उभा राहिला," साहेब म्हणाले. "डॉक्टर लवकरच पोचले. तोपर्यंत कुणी त्यांना हात लावला नाही. सगळं नियमानुसार झालं."

त्यांना वाटलं, ते आम्हाला धीर देतायत.

सासूबाई इतका वेळ भिंतीकडे बघत बसल्या होत्या. त्या एकदम ओरडल्या, "मग त्याला हाक कुणी मारली?"

साहेब गोंधळले. "आजी, जोडीदार बोलला असेलच. पण त्यांचं मशीन बहुधा खाली पडलं होतं. तपासणीत ते लाल आलं, म्हणजे जमिनीची धूळ लागली असणार."

बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. कप खाली ठेवून ते उठले आणि मला म्हणाले, "सुट्टी घ्या हवी तेवढी."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला. संध्याकाळ झाली की सासूबाई खिडकीपाशी बसायच्या आणि शेजारच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "त्याला शेवटी काही ऐकू आलं असेल का गं?" मी काय सांगणार? मी तर स्वतः पाहिलं होतं, लाल दिवा. मशीन जमिनीवर, हे जमिनीवर, आणि मधे ती शांतता. ज्या माणसाशी मी आयुष्यभर इतकी बडबड केली, तो एक शब्दही कानावर न पडता गेला. या विचारानं माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. सासूबाईंना मी काहीबाही सांगून गप्प करायचे. मग त्या म्हणायच्या, "निदान ते मशीन तरी घरी आण. उशाशी ठेवीन."

म्हणून मी कामावर गेले. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. खंबीर कसली? मला ते मशीन हिरवं करून घरी न्यायचं होतं, बस.

साहेबांनी परवानगी दिली होती: महिनाअखेर पिंप सील होईपर्यंत पुसून बघा, नाहीतर टाका. काम आटोपलं की मी हातमोजे घालून मशीन कपाटातून काढायचे. ते पाण्यात घालता येत नाही, आतलं सगळं बिघडेल. ओलसर कापसाच्या बोळ्यानं पुसायचं, चिकटपट्टी लावून उचलायची, मऊ ब्रश फिरवायचा. मग पेटीत. लाल. पुन्हा पुसायचं. पुन्हा लाल. "ऐक ना रे," मी त्याला म्हणायचे. वेड लागायची पाळी आली होती.

एकदा मी हातात धरायचा छोटा मापक घेतला आणि मशीनवर हळूहळू फिरवला, नेमकी कुठे चिकटलीय ही धूळ ते बघायला. जमिनीवर पडलेल्या वस्तू मी आजवर खूप पाहिल्या. धूळ त्यांच्या खाचाखोचांतून भरते, जाळीत, बॅटरीच्या झाकणाच्या फटीत. इथे जाळी स्वच्छ होती. झाकण स्वच्छ. कानाच्या आत जाणारं टोक स्वच्छ. मापक ओरडत होता तो फक्त दोन ठिकाणी, एक या बाजूला, एक बरोबर तिच्या समोर. मला काही उलगडा होईना. मी मशीन परत कपाटात ठेवायला चिमटीत उचललं आणि तशीच थांबले.

माझा अंगठा एका जागेवर होता आणि बोट दुसऱ्या जागेवर.

असंच धरतात ते. कानात घालताना.

आणि त्या खोलीत दुसरा माणूस एकच होता.

मौनी तेव्हापासून माझ्या पेटीवर फिरकलाच नव्हता. पलीकडे दुसरी पेटी आहे, तिथल्या रांगेत मान खाली घालून उभा राहायचा. मला वाटायचं, संकोच वाटत असेल बिचाऱ्याला. दुसऱ्या दिवशी सुट्टी व्हायच्या वेळेला मी तिथल्या बाईला म्हटलं, तू जा चहा घे. आणि मी तिच्या पेटीवर उभी राहिले. मौनी पुढे आला, मला पाहून दचकला. त्याच्या मागे कुणी नव्हतं. मी त्याचं पेन घेतलं, पेटीत ठेवलं, दार लावलं. आता पेन मिळेपर्यंत त्याला जाता येत नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "मशीन तुम्ही घातलंत ना त्यांच्या कानात?"

 हिरवा दिवा लागला, पलीकडचं दार उघडलं, पण पेनाकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"वहिनी, मी साहेबांना खोटं सांगितलं," तो म्हणाला. त्याचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मी भिंतीपाशी नव्हतो. पंपाचं झाकण नुकतंच उघडलं होतं आम्ही, माझे हातमोजे बरबटलेले. हात नव्हता लावायचा, मला माहीत होतं. पण तो पडला, श्वास लागला, त्यानं स्वतःच मास्क आणि टोपी ओढून काढली. टोपीबरोबर मशीन निघालं, इथे गळ्यापाशी अडकलं. मी बोलत होतो, त्याला काहीच कळत नव्हतं. माझ्या तोंडावर मास्क, ओठही दिसेनात त्याला. तो कानाकडे बोट दाखवत होता. सारखा कानाकडेच."

"मग?"

"मग घातलं. मास्क काढायचं सुचलं नाही, हे सुचलं. घाणेरड्या हातानं घातलं, वहिनी. त्याच्या कानात घाण गेली असेल माझ्यामुळे."

"नाही गेली. टोक स्वच्छ आहे. मी मोजलंय."

तो रडायला लागला. एवढा थोराड माणूस, बाहीनं नाक पुसत होता. मला माझाच प्रश्न विचारायची भीती वाटत होती, तरी विचारला. "काय बोललात त्यांच्याशी?"

"मला कुठे बोलता येतं," मौनी म्हणाला. "काय बोलावं सुचेना. मग तुम्ही रोज बोलायच्या तेच बोललो."

"मी?"

"पेटीपाशी. त्याचं मशीन आत असताना. मी मागेच असायचो की."

मला लाज वाटली, अशा वेळी वाटावी का, पण वाटली. इतकी वर्षं हा माणूस मागे उभा राहून सगळं ऐकत होता आणि त्यानं कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

"सगळं सांगितलंत?"

"आठवलं तेवढं. म्हटलं, ती म्हणते नीट घरी ये रे. तू नसलास की घर खायला उठतं. रोज म्हणते, तुला ऐकू येत नाही तेव्हा म्हणते. नळाचंही सांगितलं." तो थांबला. "मला वाटलं ऐकू जात नसेल, म्हणून मी मोठ्यानं बोलत होतो, मास्कमधून, घसा फाटेपर्यंत. तर तो हसला. मला म्हणाला, ओरडू नकोस, ऐकू येतंय."

मी पेटीला धरून उभी राहिले.

"मग नाही काही बोलला. मी बोलतच होतो. तपासनिसांची चाहूल लागली तेव्हा भिंतीपाशी सरकलो." त्यानं डोळे पुसले. "माझ्यामुळे मशीन लाल झालं. तुम्हाला घरीही नेता येणार नाही. साहेबांना सांगायचं तर सांगा, मी नाही म्हणणार नाही."

"साहेबांना सांगून काय करू?" मी म्हटलं. "पेन घ्या तुमचं. आणि उद्यापासून माझ्या पेटीवर या."

तो गेल्यावर मी लाल कपाट उघडलं. बोळे, ब्रश, चिकटपट्टी, सगळं तिथेच मांडून ठेवलेलं होतं. इतके दिवस मी ज्याच्यावर दात खाऊन घासत होते ती जमिनीची धूळ नव्हती. त्या दोन जागा होत्या मौनीच्या बोटांच्या. मी बोळे उचलून कचऱ्यात टाकले.

मग मशीन शेवटचं पेटीत ठेवलं. दार लावलं. मान खाली घातली.

"अरे," मी म्हटलं, "नळ मी करून घेतला रे दुसऱ्याकडून. आईची काळजी करू नकोस. मला तुझी फार आठवण येते, फार म्हणजे फार. घर खायला उठतं." अजून खूप बोलायचं होतं, पण दार फार वेळ बंद राहत नाही. लाल दिवा लागला, भोंगा वाजला. लाल म्हणजे लाल. मी मशीन पिंपात ठेवलं, जपून, ठिपका वर करून, आणि झाकण लावलं.

घरी गेले तेव्हा सासूबाई खिडकीपाशी होत्या. माझे रिकामे हात बघून त्यांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं रोजचा प्रश्न आला, रोजच्याच आवाजात. "त्याला शेवटी काही ऐकू आलं असेल का गं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "आलं, आई. मौनी होता जवळ. त्यानं मशीन कानात घातलं, हाका मारल्या, मोठमोठ्यानं बोलला. हे हसले. म्हणाले, ओरडू नकोस, ऐकू येतंय."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी हे मनानं रचून सांगत नाही हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. ते वाक्य त्यांच्याइतकं कुणी ऐकलं होतं?  मग त्या वळल्या, जेवणाच्या टेबलापाशी त्यांच्या मुलाची खुर्ची होती तिच्याकडे. आणि इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

"बरं बाळा," त्या म्हणाल्या. "नाही ओरडत."